मास इफेक्टचा शेवट: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

'मास इफेक्ट ३' हा बायोवेअर कंपनीचा, तीन भागांच्या कथेतला शेवटचा व्हिडिओ गेम येऊन एक तप उलटून गेलं, तरी त्याच्या शेवटच्या दहा मिनिटांवरून भांडणारी माणसं थकलेली नाहीत. दर काही महिन्यांनी कुणीतरी तिन्ही भाग नव्याने संपवतं आणि मला तेच प्रश्न पाठवतं. ते सगळे इथे एका जागी उतरवले आहेत. ज्यांनी तिन्ही भाग संपवलेले नाहीत त्यांनी इथूनच मागे फिरावं, कारण पुढे सगळं फोडलेलं आहे.

एक खुलासा आधीच करतो. कथेचा नायक शेपर्ड पुरुष असावा की बाई हे खेळणारा ठरवतो. इंग्रजीला त्याने फरक पडत नाही, पण मराठी क्रियापद पहिल्याच वाक्यात लिंग मागतं. माझी शेपर्ड बाई होती, म्हणून पुढे सगळीकडे 'ती'.

१. शेवटी नेमके पर्याय किती आणि कोणते?

चार. मूळ खेळात तीनच होते. लंडनच्या प्रकाशझोतातून सिटाडेल या अंतराळस्थानकावर पोहोचलेल्या जखमी शेपर्डला एका लहान मुलाच्या रूपात कॅटॅलिस्ट भेटतो. आकाशगंगेवर चालून आलेल्या रीपर या महाकाय यंत्रजीवांचा करविता धनी तोच. दर ५०,००० वर्षांनी पुढारलेल्या संस्कृती कापून काढायच्या, हा नियमही त्याचाच. रीपरांविरुद्ध बांधलेलं क्रुसिबल हे अस्त्र सिटाडेलला जोडल्यामुळे आता नवे मार्ग खुले झालेत, असं तो सांगतो.

उजवीकडची लाल नळी फोडली की डिस्ट्रॉय. यात रीपर नष्ट होतात, पण गेथ ही यंत्रजमात आणि ईडी यांच्यासकट सगळी यंत्रबुद्धीही जाते. (ही ईडी म्हणजे शेपर्डच्या नॉर्मंडी जहाजाची बुद्धी. आपल्या बातम्यांमधली ती वेगळी.) डावीकडच्या निळ्या मुठी धरल्या की कंट्रोल. शेपर्डचा देह जळतो आणि तिचं मन रीपरांचं मालक होतं. मधल्या हिरव्या झोतात उडी घेतली की सिंथेसिस. आकाशगंगेतला प्रत्येक जीव आणि प्रत्येक यंत्र यांची घडण एकमेकांत मिसळते. चौथा पर्याय म्हणजे नकार, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

२. मी लेजेंडरी एडिशन खेळलो. शेवट काही एवढा वाईट वाटला नाही. लोक तेव्हा इतके का खवळले होते?

कारण तुम्ही तो शेवट पाहिलेलाच नाही. १४ मे २०२१ ला आलेल्या लेजेंडरी एडिशनमध्ये, म्हणजे तिन्ही भागांच्या नव्या एकत्रित आवृत्तीत, सुधारलेला शेवटच आहे (प्रश्न ३). ६ मार्च २०१२ ला लोकांनी पाहिला तो वेगळा होता. तिन्ही पर्यायांची चित्रफीत जवळजवळ एकच, फक्त स्फोटाचा रंग निराळा. ताऱ्यांमधल्या प्रवासाची दारं असलेले मास रिले फुटतात, नॉर्मंडी कुठल्याशा जंगलात आदळते, आणि पाच मिनिटांपूर्वी तुमच्या शेजारी लंडनच्या चिखलात धावणारे साथीदार त्याच जहाजातून बाहेर पडतात. कसे, ते विचारायचं नाही. क्रोगन जमातीचं काय झालं, गेथ घडवणारे क्वेरियन घरी राहिले की नाही, यावर अक्षर नाही.

त्यात प्रकाशनाआधी दिग्दर्शक केसी हडसन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं की यावेळी शेवट 'अ, ब की क' असा मोजता येणार नाही. मग लाल, निळा, हिरवा समोर आल्यावर लोकांना काय वाटलं असेल! पाच वर्षं, तीन खेळ, शंभरेक तासांचे निर्णय, आणि शेवटी ट्रॅफिक सिग्नलसुद्धा नीट नाही, पिवळ्याच्या जागी निळा.

निषेधाच्या तऱ्हाही पाहण्यासारख्या होत्या. 'रीटेक मास इफेक्ट' म्हणणाऱ्यांनी चाइल्ड्स प्ले या मुलांसाठीच्या धर्मादाय संस्थेला ८०,००० डॉलरहून अधिक मिळवून दिले. बायोवेअरच्या एडमंटनच्या कचेरीत सुमारे ४०० कपकेक पाठवण्यात आले. आयसिंग लाल, निळं आणि हिरवं, चव सगळ्यांची एकच. इतका नेमका आणि गोड टोमणा मी दुसरा पाहिलेला नाही. ब्रिटनमध्ये जाहिरातींविरुद्ध तक्रारी झाल्या, पण तिथल्या जाहिरात-नियामकाने त्या फेटाळल्या. २१ मार्चला कंपनीचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी जाहीर पत्र लिहून शेवटाचा खुलासा करणारं काहीतरी देऊ, असं सांगितलं.

३. 'एक्स्टेंडेड कट'ने नक्की काय बदललं?

निर्णय तेच राहिले, त्यांचे परिणाम दिसू लागले. २६ जून २०१२ ला मूळ खेळाला जोडायचा हा भाग फुकट आला. मी तेव्हा होस्टेलवर होतो. जवळपास दोन जीबी आणि महिन्याची डेटा मर्यादा, त्यामुळे तीन रात्री लावून उतरवला होता.

लंडनच्या धावपळीत नॉर्मंडी येऊन साथीदारांना घेऊन जाते, असा प्रसंग घातला गेला. कॅटॅलिस्टला आणखी प्रश्न विचारता येऊ लागले. प्रत्येक पर्यायानंतर चित्रांची मालिका आणि निवेदन आलं: डिस्ट्रॉयमध्ये ॲडमिरल हॅकेट, कंट्रोलमध्ये शेपर्डचंच मन, सिंथेसिसमध्ये ईडी.

सर्वांत मोठी दुरुस्ती रिलेंची. दुसऱ्या भागाला जोडून आलेल्या 'अरायव्हल'मध्ये शेपर्ड एक रिले उडवते आणि तीन लाखांहून अधिक बटारियन एका क्षणात मरतात. त्या हिशोबाने मूळ शेवटात सगळे रिले फुटले म्हणजे अख्खी आकाशगंगा बेचिराख व्हायला हवी. हा निष्कर्ष लोकांनी पहिल्या आठवड्यातच काढला होता. नव्या कटमध्ये रिले मोडतात, पण ते पुन्हा उभे करता येतील असे.

४. मला हिरवा पर्याय दिसलाच नाही. माझ्या मित्राला तर एकच पर्याय मिळाला. असं कसं?

हा खेळ सैन्यबळाचा हिशोब ठेवतो. त्याला ईएमएस (इफेक्टिव्ह मिलिटरी स्ट्रेंथ) म्हणतात. २०१२ च्या खेळात सिंथेसिससाठी २,८०० लागत. ते १,७५० च्या खाली असेल तर एकच पर्याय मिळे, आणि तो कोणता हे दुसऱ्या भागाच्या शेवटी तुम्ही रीपरांसाठी काम करणाऱ्या कलेक्टरांच्या तळाचं काय केलंत यावर ठरत असे. तळ उडवला असेल तर डिस्ट्रॉय, सर्बेरस या संघटनेचा प्रमुख इल्युझिव्ह मॅन याच्या हवाली केला असेल तर कंट्रोल. दोन वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय शेवटच्या खोलीत दार उघडतो किंवा बंद करतो, हे मला फार आवडतं. दुर्दैव असं की ते पाहायला मिळतं फक्त वाईट खेळणाऱ्याला.

बळ कमी असताना डिस्ट्रॉय निवडला तर लाल लाट पृथ्वीवरची माणसंही जाळत जाते. म्हणजे 'मी डिस्ट्रॉय निवडला' असं म्हणणारे दोघे जण एकच शेवट पाहून आलेत असं धरून चालू नका.

५. शेपर्ड जगते का?

एकाच वाटेने: डिस्ट्रॉय, आणि सैन्यबळ भरपूर. मग अगदी शेवटी ढिगाऱ्यात शेपर्डच्या एन-७ चिलखतातला एक देह दिसतो आणि श्वास घेतो. तेवढंच. एक्स्टेंडेड कटमध्ये याला जोड आहे. नॉर्मंडीच्या स्मृतिभिंतीवर शेपर्डच्या नावाची पाटी लावायची वेळ येते, तेव्हा जिवाभावाचं माणूस पाटी हातात धरून थबकतं आणि लावत नाही.

या श्वासाचाही एक रुसवा आहे. मूळ खेळात त्यासाठी किमान ४,००० ईएमएस लागत, आणि मल्टिप्लेअर खेळला नाही तर तुमचं एकूण बळ निम्मंच धरलं जाई. एकट्याने कितीही मरमर केली तरी तो आकडा गाठता येत नसे. आपल्याकडच्या तेव्हाच्या नेटवर मल्टिप्लेअर म्हणजे आनंदच होता, त्यामुळे माझी शेपर्ड पहिल्या खेपेला मेली ती रीपरांमुळे नव्हे, पिंगमुळे. पुढे ही अट ३,१०० वर आली. लेजेंडरीत मल्टिप्लेअरच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

६. इंडॉक्ट्रिनेशन थिअरी म्हणजे काय?

रीपरांच्या सान्निध्यात राहिलेल्याचं मन हळूहळू त्यांचं होतं, आणि ते झालंय हे त्याला स्वतःला कळत नाही. खेळात याला इंडॉक्ट्रिनेशन म्हणतात. थिअरी अशी की शेपर्डचंही तेच होत होतं. लंडनमध्ये हार्बिंजर या रीपरच्या किरणाने ती कोसळते आणि त्यानंतरचं सगळं तिच्या डोक्यात घडतं. तिघांपैकी डिस्ट्रॉय म्हणजे प्रतिकार, बाकीचे दोन म्हणजे शरणागती. म्हणून श्वास फक्त डिस्ट्रॉयमध्ये आहे: ती लंडनच्या ढिगाऱ्यातच शुद्धीवर येते.

पुरावे पुष्कळ जमवले आहेत, आणि काही खरोखर अंगावर काटा आणतात. सुरुवातीच्या हल्ल्यात यानात चढणाऱ्या मुलाकडे शेपर्डखेरीज कुणाचं लक्षच जात नाही. त्याच मुलाची स्वप्नं तिला तीनदा पडतात, भोवती काळ्या तेलकट सावल्या आणि कुजबुज. पहिल्या भागात रॅकनी या कीटकजमातीची राणी रीपरांच्या प्रभावाबद्दल बोलताना तेलकट सावल्यांच्याच रंगाची उपमा देते. किरण लागल्यानंतर स्वप्नातल्यासारखी झुडपं अचानक दिसू लागतात. पिस्तुलातल्या गोळ्या संपत नाहीत. शेपर्डच्या हातून तिचा जुना वरिष्ठ अँडरसन याला जिथे गोळी लागते, थोड्या वेळाने तिच्याच अंगावर साधारण तिथे रक्त दिसतं. इल्युझिव्ह मॅन बोलतो तेव्हा पडद्याच्या कडांना काळ्या शिरा उमटतात. आणि 'अरायव्हल'मध्ये ती एका रीपर अवशेषाजवळ दोन दिवस बेशुद्ध पडून होती, हे विसरून चालणार नाही.

७. मग ती खरी की खोटी?

कथानक म्हणून खोटी, अनुभव म्हणून बरीचशी खरी. माझं मत असं आहे, आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत.

पुराव्यांचं बघा. न संपणाऱ्या गोळ्या हा घाईत केलेला सोपेपणा असू शकतो. झुडपं हे पुन्हा वापरलेलं सामान असू शकतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याला दोष द्यायची आपली सवय आहे. पण सगळंच कावळ्यावर ढकलता येत नाही. खेळाच्या निर्मितीवर जेफ कीली यांनी केलेल्या 'फायनल अवर्स' या ॲपमध्ये नोंद आहे की शेपर्ड रीपरांच्या ताब्यात जाते आणि तिच्यावरचं खेळाडूचं नियंत्रण सुटतं, असा प्रसंग लेखकांच्या मनात होता. संवादाच्या यंत्रणेत तो बसेना, म्हणून काढला. म्हणजे धूर होता. आग विझवून झाल्यावर उरलेला.

थिअरी मोडते ती एक्स्टेंडेड कटमध्ये. डिस्ट्रॉय आणि सिंथेसिस यांचे परिणाम, शेपर्डच्या पश्चात, दुसऱ्यांच्या तोंडून सांगितले जातात. हॅकेट आणि ईडी हे शेपर्डच्या स्वप्नात बसून तिच्या मरणानंतरच्या कित्येक वर्षांची हकिकत सांगतात, असं मानायचं असेल तर खुशाल माना. पण मग तिन्ही खेळांना शेवटच नाही हेही मानावं लागतं, कारण ती जागी झाल्यावर रीपर तिथेच असणार.

तरीही मी नव्या माणसाला सांगतो की दुसऱ्यांदा खेळताना ही थिअरी मनात ठेवून खेळा. इल्युझिव्ह मॅन आपलंच मन आपलं आहे असं ठासून सांगतो तेव्हा आपण त्याला हसतो, आणि पाच मिनिटांनी आपणही तशाच ठामपणे एक रंग निवडतो.

८. कॅटॅलिस्ट खोटं बोलतो का?

खोटं नाही, 'नरो वा कुंजरो वा' बोलतो. त्याने सांगितलेला प्रत्येक परिणाम पुढे तसाच घडतो, त्यामुळे माहितीत लबाडी नाही. लबाडी मांडणीत आहे. डिस्ट्रॉयबद्दल बोलताना तो आधी तोटे सांगतो आणि वर शेपर्डला आठवण देतो की तूही अर्धी यंत्रच आहेस. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला ती मेल्यावर लाझारस प्रकल्पात तिला दोन वर्षं खपून पुन्हा जोडलेलं होतं, ते खरंच. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे मीही मरणार. प्रत्यक्षात ती जगू शकते (प्रश्न ५). सिंथेसिसवर आला की याच बाबाच्या तोंडाला पाणी सुटतं.

रंगांचंही तसंच. तिन्ही भागांत निळा म्हणजे पॅरागॉन, सज्जनपणाचा, आणि लाल म्हणजे रेनेगेड, आडदांडपणाचा. शेवटी मात्र इल्युझिव्ह मॅनचा कंट्रोल निळा आणि अँडरसनचा डिस्ट्रॉय लाल. शंभर तास एका रंगावर विश्वास ठेवायला शिकवून ऐनवेळी तो रंग उलटा लावलाय. तो कॅटॅलिस्टचा डाव की दिग्दर्शकाचा, हे ठरवता येत नाही, आणि तिथेच खरी गंमत आहे.

९. मी रॅनॉकवर गेथ आणि क्वेरियन यांच्यात समेट घडवला. मग कॅटॅलिस्टचं म्हणणं तिथेच खोटं ठरत नाही का?

मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि सगळ्या भांडणाचं मूळही इथेच आहे.

कॅटॅलिस्टचा सिद्धान्त असा: निर्मितीचं निर्मात्याशी वैर होणार म्हणजे होणारच. एक दिवस यंत्रं सगळे सजीव संपवतील. ते टाळण्यासाठी मी दर फेरीत पुढारलेल्यांना कापून साठवतो आणि बाकीच्यांना वाढू देतो. आता क्वेरियनांचा मूळ ग्रह, रॅनॉक आठवा. क्वेरियनांनी गेथ घडवले, घाबरून त्यांना मारायला काढलं, हरले आणि तीन शतकं जहाजांतून भटकले. म्हणजे पहिली गोळी निर्मात्याची होती, निर्मितीची नव्हे. आणि तुमच्या खेळात लीजन या गेथने स्वतःला संपवून गेथांना स्वतंत्र मन दिलं, क्वेरियन साथीदार टालीने मुखवटा काढून घरच्या हवेत श्वास घेतला, दुसऱ्या दिवशी गेथ क्वेरियनांना घरं बांधायला मदत करू लागले. हे सगळं करून आलेल्या माणसासमोर एक पोर उभं राहतं आणि म्हणतं, शांतता शक्यच नाही. खरी चीड इथून येते. रंग, रिले, कपकेक हे सगळं वरवरचं.

कॅटॅलिस्टच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याच्या हिशोबात वर्षं लाखांनी मोजली जातात, तिथे आठवड्याभराच्या समेटाला काय किंमत? मागच्या फेरीतून उरलेल्या जाविकच्या काळातही यंत्रांशी युद्ध पेटलं होतं. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण माझी तक्रार त्याच्या उत्तरावर नाहीच. शेपर्ड हा समेट त्याच्या तोंडावर फेकत नाही, ही माझी तक्रार आहे. एवढा मोठा पुरावा खिशात असून आपली वकील गप्प बसते. एक्स्टेंडेड कटनंतर ती थोडी जास्त बोलते, पण मनाचं समाधान होईल इतकी नाही.

म्हणून मला वाटतं, शेवटच्या खोलीत जो प्रश्न विचारला जातो त्याचं उत्तर खेळाने रॅनॉकवर आधीच घेतलेलं असतं, आणि ते प्रत्येकाच्या सेव्ह फाइलमध्ये वेगळं असतं. ज्याने तिथे एका पक्षाला मरू दिलं त्याला कॅटॅलिस्ट पटतो. ज्याने दोघांना वाचवलं त्याला तो मूर्ख वाटतो. हे दोघे एकमेकांशी भांडतात तेव्हा ते मुळात एका खेळाबद्दल बोलतच नसतात.

१०. डिस्ट्रॉय निवडणं म्हणजे गेथांचा वंशसंहारच ना? मग बहुतेक लोक तोच का निवडतात?

हो, वंशसंहारच. त्याला दुसरं नाव देऊ नये. समेट झालेला असेल तर जास्तच, कारण तेव्हा गेथांतला प्रत्येक जण 'मी' म्हणायला शिकलेला असतो. एक्स्टेंडेड कटच्या स्मृतिभिंतीवर ईडीचं नाव लागतं.

लोक तरी तो निवडतात, याची कारणं माझ्या मते साधी आहेत. तीन खेळ रीपरांना संपवायचं म्हणून खेळलेलं असतं, आणि शेपर्ड जगण्याची हीच एक वाट. शिवाय बाकी दोन पर्याय ज्यांनी आपल्याला सुचवले ते दोघे, इल्युझिव्ह मॅन आणि पहिल्या भागाचा खलनायक सॅरेन, शत्रू होते (प्रश्न ८ आणि १२). अँडरसन मात्र मरेपर्यंत आपला होता.

आता अपवाद, जे नेहमी विसरले जातात. रॅनॉकवर तुम्ही क्वेरियनांची बाजू घेतली असेल तर गेथ आधीच मेलेले असतात, आणि डिस्ट्रॉयची किंमत मुख्यतः ईडीपुरती उरते. उलट, गेथांची बाजू घेऊन क्वेरियन ताफा नष्ट होऊ दिला असेल, आणि मग डिस्ट्रॉय निवडला, तर दोन्ही समाज गेले. तीनशे वर्षं ज्या ग्रहासाठी भांडण झालं तो ग्रह रिकामा. खेळ हे मोठ्याने सांगत नाही. तुम्हीच बसून बेरीज करायची.

११. कंट्रोलमध्ये कुणीच मरत नाही. मग तो सर्वांत चांगला का नाही?

शेपर्डखेरीज कुणी मरत नाही, हे खरं. रीपर रिले दुरुस्त करायला लागतात, गेथ जगतात, ईडी जगते. पॅरागॉन शेपर्डचं निवेदन ऐकलं तर दुबळ्यांची राखण करायची भाषा आहे. रेनेगेड शेपर्डचं ऐका, त्यात धाक आहे. पहिली ऐकून निश्चिंत झालेल्यांनी दुसरी जरूर ऐकावी, कारण यंत्रणा दोन्हीकडे तीच आहे, फक्त मालकाचा स्वभाव निराळा. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही.

शिवाय कॅटॅलिस्ट मुळात कशासाठी बनवला गेला, ते आठवा (प्रश्न १४). तोही सजीवांच्या भल्यासाठीच नेमलेला राखणदार होता.

१२. सिंथेसिसला काहीजण आदर्श शेवट म्हणतात, काहीजण किळस करतात. असं का?

आदर्श म्हणणाऱ्यांकडे चित्रं आहेत. ईडी म्हणते, मी जिवंत आहे, आणि जहाजाचा चालक जोकर याला बिलगते. कुठेही युद्ध नाही.

किळस करणाऱ्यांकडे पहिला भाग आहे. देह आणि यंत्र यांच्या मिलाफाची भाषा तिथे सॅरेन करत होता, आणि तो रीपरांच्या कह्यात गेलेला होता. आपण त्याला त्यासाठीच मारलं. वर कॅटॅलिस्ट स्वतः कबूल करतो की असाच उपाय पूर्वी करून पाहिला आणि फसला, कारण सजीवांची तयारी नव्हती, ही गोष्ट लादता येत नाही. आणि लगेच शेपर्डला सांगतो, उडी मार, म्हणजे सगळ्यांवर एकदम लागू होईल. मग हे लादणं नाही तर काय? विचारलं का कुणी क्रोगनांना?

मला हा पर्याय वाईट वाटत नाही, आळशी वाटतो. रॅनॉकवर जे बोलून, रागावून, एकाचा जीव देऊन मिळवलं, ते इथे फुकट वाटलं जातं.

१३. नकार दिला तर काय होतं? तो निवडण्यात काही अर्थ आहे का?

एक्स्टेंडेड कटपासून तुम्ही तिन्ही पर्याय नाकारू शकता, किंवा त्या पोरावर गोळी झाडू शकता. त्याचा आवाज एकदम हार्बिंजरसारखा होतो, तो चालता होतो आणि रीपर जिंकतात. आपली फेरी संपते. मग शेपर्डची साथीदार लिआरा हिने पुरून ठेवलेला संदेश दिसतो, आणि पुढच्या फेरीतल्या लोकांनी त्या माहितीच्या बळावर रीपरांचा धोका संपवल्याचं कळतं. शेवटचा गोष्ट सांगणाराही बदलतो. एरवी तो आवाज चांद्रवीर बझ ऑल्ड्रिन यांचा असतो.

पुष्कळांना हा चिडलेल्या चाहत्यांना लगावलेला टोला वाटला. असेलही. मी मुद्दाम पाच जणांना तो दाखवला, पाचही जण गोळी झाडताना हसले आणि नंतर गप्प झाले.

१४. 'लेव्हायथन' खेळणं गरजेचं आहे का?

शेवट समजून घ्यायचा असेल तर हो. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या या जोडभागात कळतं की लेव्हायथन नावाच्या प्राचीन जीवांनी आपल्या गुलाम जमाती स्वतःच बनवलेल्या यंत्रांच्या हातून मरताना पाहिल्या, आणि तोडगा काढण्यासाठी एक बुद्धी घडवली. तिने तोडगा काढला: पहिला रीपर तिने आपल्याच निर्मात्यांपासून बनवला. म्हणजे 'निर्मिती निर्मात्यावर उलटते' या सिद्धान्ताचा सर्वांत भक्कम पुरावा कॅटॅलिस्ट स्वतःच आहे. त्याला ते दिसत नाही. हा भाग मूळ खेळात असता तर निम्मी भांडणं झालीच नसती असं मला वाटतं.

१५. मूळ शेवट 'डार्क एनर्जी'चा होता आणि तो ऐनवेळी बदलला, हे खरं का?

अर्धवट खरं. पहिल्या भागाचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन तिसऱ्या भागाआधी दुसऱ्या कामावर गेले. त्यांनी नंतर सांगितलं की डार्क एनर्जीमुळे विश्वाचा ऱ्हास होतोय आणि रीपर त्यावर उपाय शोधताहेत, अशी एक कल्पना चर्चेत होती. दुसऱ्या भागात टालीला आणायला आपण हेस्ट्रॉमवर जातो, तिथला तारा अकाली म्हातारा होतोय. ते त्याच कल्पनेचं बी. पण ती एक कल्पना होती, लिहून तयार असलेला शेवट नव्हे. 'चोरलेला खरा शेवट' म्हणून ती मिरवू नये.

१६. पुढच्या खेळात कोणता शेवट अधिकृत धरणार?

बायोवेअरने जाहीर केलेलं नाही. २०१७ च्या 'अँड्रोमेडा'ने प्रश्नच टाळला: त्यातली जहाजं तिसऱ्या भागाच्या घटना घडण्याआधीच दुसऱ्या आकाशगंगेकडे निघालेली असतात. डिसेंबर २०२० च्या झलकीत थोराड झालेली लिआरा बर्फातून एन-७ चिलखताचा तुकडा उचलते, आणि मागे मेलेला रीपर दिसतो. डिस्ट्रॉयवाल्यांनी लगेच पेढे वाटले. पण मेलेले रीपर लढाईनंतर कुठल्याही शेवटात पडलेले असणारच, त्यामुळे पेढे जरा लवकर झाले.

१७. 'सिटाडेल' हाच खरा शेवट समजा, असं लोक का म्हणतात?

मार्च २०१३ मध्ये आलेला हा जोडभाग म्हणजे सगळ्या साथीदारांची एक लांबलचक पार्टी. कथेत ती सर्बेरसच्या तळावर जाण्याआधी येते, पण अनेकजण ती मुद्दाम शेवटी आठवतात, कारण निरोप घ्यायची संधी तिथेच मिळते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ती तळावर जायच्या अगदी आधी खेळावी. फार लवकर खेळली तर अर्धे पाहुणे आलेलेच नसतात.

१८. तुम्ही स्वतः काय निवडता?

डिस्ट्रॉय. रॅनॉकवर समेट करून, सगळं माहीत असून.

एकदा मी तो सोपा करायचं ठरवलं. गेथ आधीच गेलेले असतील तर शेवटी त्यांचं ओझं नको (प्रश्न १०), म्हणून मुद्दाम क्वेरियनांची बाजू घेतली. लीजन खाली पडला. टाली काहीतरी बोलत होती, ते मी नीट ऐकलंच नाही. खेळ बंद केला, चहा केला, आणि परत येऊन अर्ध्या तासापूर्वीचा सेव्ह उघडला.